चकतीतला कान

केरकेना बेट, ४ मार्च २०१९

दलेंदा पोरी,

पेटी उघडलीस की आधी झाकणाखाली चिकटवलेली ही पिशवी काढ. मागच्या वेळेसारखं माझं पत्र बर्फाबरोबर मोरीत ओतू नकोस. फोन करू नकोस, मला ऐकू येत नाही. तू स्फाक्सहून ओरडतेस, मी इथून ओरडतो, आणि आपलं बोलणं अख्ख्या धक्क्याला कळतं, एक मला सोडून.

या खेपेला शर्फियात विजेचे पाकट बरे सापडले. आपल्या बापजाद्यांनी समुद्रात झावळ्यांचं हे कुंपण घातलं ते चांगल्या माशांसाठी, आणि हा झटके देणारा भामटा आत शिरला की त्याला काठीने बाहेर ढकलायचा, ही रीत. आता तुझ्या प्रयोगशाळेपायी मी त्याला जावयासारखा घरी घेऊन येतो. लोक हसतात. तू सांगितलंस तसं डोक्याच्या दोन्ही बाजूंच्या विजेच्या पिशव्या ताज्या असतानाच कापून गोड्या पाण्याच्या बर्फात ठेवल्या आहेत. कापण्याचं काम माझ्या उल्फाचं. तिचा हात हलका आहे.

उल्फाचं काय सांगू! लग्न ठरलेली मुलगी, आणि दुपार कलली की बाईसाहेब डोळे अर्धे मिटून बसतात. भाकरी चावताना हनुवटीला हात लावून धरते. जरा जास्त बोलली की आवाज नाकातून येतो. तुझी मब्रूका मामी म्हणते नजर लागली. तिने उंबऱ्यावर माशाचं शेपूट टांगलंय. तुमच्या स्फाक्सच्या मोठ्या डॉक्टराने रक्त तपासलं आणि म्हणाला, रक्त स्वच्छ आहे, मुलीला लग्नाची धास्ती आहे, दुसरं काही नाही.

मला विचारशील तर निम्मं नाटक आहे. पुरावा देतो. पेटी भरताना ती बर्फाचा खडा डोळ्यांवर धरते आणि डोळे टक्क उघडतात! थोडा वेळ अगदी घुबडासारखी बघते, मग पुन्हा पापण्या खाली. असा बर्फाने पळणारा आजार कुणी ऐकलाय का?

पण काल जेवताना तिच्या नाकातून पाणी आलं. ते नाटक नव्हतं गं. मी उठून बाहेर गेलो आणि जाळं दुरुस्त करत बसलो, पण एक गाठ धड पडेल तर शपथ. तू शिकलेली आहेस. काय असेल ते सांग.

तुझा मामा,
फर्जानी

*

स्फाक्स, ९ मार्च

फर्जानी मामा,

तुमचं पत्र वाचून हातातली नळी खाली ठेवली. उल्फाला नाटकी म्हणणं आधी बंद करा. मामीलाही सांगा, शेपूट राहू दे टांगलेलं, पण पोरीला टोमणे नकोत.

मला एका आजाराची शंका येते. मी डॉक्टर नाही, त्यामुळे नाव लिहीत नाही. समजा, मेंदूकडून हुकूम येतो, ‘पापणी उचल’, आणि स्नायूला तो ऐकावा लागतो. ऐकण्यासाठी स्नायूच्या पेशीवर बारीक कान असतात. आम्ही त्यांना रिसेप्टर म्हणतो. काही माणसांचं रक्तच खुळ्यासारखं या कानांवर उठतं, त्यांना चिकटतं, बंद पाडतं. सकाळी थोडं ऐकू येतं, दिवसभर वापरून संध्याकाळी काहीच नाही.

तुमच्या भामट्याच्या विजेच्या पिशवीत हेच कान ठासून भरलेले असतात. आपल्यासारखेच, थोडे वेगळे. म्हणून आम्हाला तो हवा.

तुम्ही म्हणाल, डॉक्टराने रक्त तपासलं की! तपासलं, पण कसं? हा कान पेशीच्या पापुद्र्यात रुतून बसलेला असतो. नेहमीच्या तपासणीत तो साबणासारख्या द्रावणाने पापुद्र्यातून उपटून काढतात. मामा, पाण्यात छत्रीसारखं फुललेलं जेलीफिश तुम्ही वाळूवर टाकलं की काय उरतं? गोळा. उपटलेल्या कानाचंही कधीकधी तसंच होतं. आणि काही लोकांचं रक्त फक्त फुललेल्या कानालाच ओळखतं, गोळ्याला नाही. मग तपासणी म्हणते, रक्त स्वच्छ.

आम्ही कान उपटत नाही. एक रसायन आहे, ते पापुद्र्याचा गोल तुकडा कानासकट कापतं आणि स्वतःच त्या तुकड्याच्या कडेला पट्ट्यासारखं बसतं. इतकी बारीक चकती की साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही. तिला नॅनोडिस्क म्हणतात. तिच्यात कान आपल्या घरात असल्यासारखा जिवंत आकारात राहतो. अशा चकत्यांवर रक्त टाकून बघायचं, हेच माझं तीन वर्षांचं काम.

माझ्या वरिष्ठ, मादाम सुआद, यांना विचारलं. त्या म्हणाल्या, आमच्याबरोबर काम करणाऱ्या डॉक्टर मस्मूदींच्या दवाखान्यात उल्फाने सही करून रक्त द्यावं, नियमाने. तिला लवकर पाठवा. आणि हे संशोधन आहे मामा, औषध नाही. मी तुम्हाला काही कबूल करत नाहीये.

दलेंदा

*

केरकेना, ३० मार्च

दलेंदा,

बहिऱ्याला कानाच्या गोष्टी सांगतेस, तुझ्या जिभेला काही हाड! पण समजलं. जेलीफिशचं तर फारच समजलं.

उल्फा रक्त देऊन आली. डॉक्टर मस्मूदी सुट्टीवर होते म्हणे, नर्सने काढलं. कान कधी बोलणार? तुझ्या पत्रासाठी मी रोज दुपारच्या बोटीवर जाऊन उभा राहतो. खलाशी मला बघितलं की लांबूनच मान हलवतो.

घाई का, ते ऐक. परवा नौफलची आई, म्हणजे उल्फाची होणारी सासू, आली होती, बरोबर तिच्या दोन नणंदा. मामीने ऑक्टोपसचा कुसकुस केला. उल्फाला सकाळपासून निजवून ठेवलं होतं की संध्याकाळी पापण्या नीट राहाव्यात. राहिल्याही! मग नौफलची आई म्हणाली, आमच्या घरात तुला मुलीसारखं ठेवू. उल्फा हसली. दलेंदा, ते हसू मी पाहिलं. ओठाचे कोपरे वर जाईनात, मधलाच ओठ उचलला आणि दात दिसले. कुत्रं गुरकावताना दिसतात तसे. पोरगी मनापासून हसत होती आणि तोंडावर तुच्छता दिसत होती. बाईने चमचा ठेवला. ‘आम्ही इतके हलके आहोत का?’ म्हणाली, आणि अंगावरची चादर सावरून चालती झाली.

उल्फा तेव्हापासून कुणासमोर हसत नाही. हसू आलं की ओढणी तोंडावर धरते. नौफल येऊन दारात उभा राहतो, तो भला आहे, पण आईपुढे त्याचं काय चालणार? त्या घरात आता एकच बोललं जातं, फर्जानीच्या मुलीला घमेंड आहे. नाहीतर वेड आहे.

मला एक कागद दे. आजार आहे असं लिहिलेला. आजाराची लाज नाही मला. पण माझ्या मुलीला कुणी घमेंडी म्हणालेलं मला सोसत नाही.

आणि जूनमध्ये शर्फियाच्या झावळ्या काढायच्या, उन्हाळाभर समुद्राला विश्रांती. ती रीत मी तुझ्यासाठीही मोडणार नाही. त्यानंतर पाकट मिळायचे नाहीत. तोवर उरक.

फर्जानी

*

स्फाक्स, १६ एप्रिल

मामा, मामा!

उजळलं! उल्फाचं रक्त कानवाल्या चकत्यांवर टाकलं आणि ताटलीतल्या खाचा, रक्त चिकटलं की उजळतात त्या, अशा उजळल्या की इनास, माझ्या शेजारी काम करते ती, तिने मला मिठीच मारली. रिकाम्या चकत्यांवर, म्हणजे कान नसलेल्या, काहीही नाही. म्हणजे रक्त चकतीला चिकटत नाही, तिच्यात बसलेल्याला चिकटतं. आणि तुलनेसाठी घेतलेली निरोगी माणसांची रक्तं, आमच्याच गल्लीतल्या लोकांची, सगळी गप्प.

उल्फाला सांगा की ती खरी आजारी आहे. किती विचित्र आनंद आहे हा! पण तिला सांगा.

बाहेर मात्र बोलू नका. मादाम सुआदना हे पुन्हा करून बघायचंय, मग त्या डॉक्टर मस्मूदींना कळवतील. मी तुम्हाला लिहायलाच नको होतं. पण बोटीवर उभे राहिलेले तुम्ही माझ्या डोळ्यांपुढून हलेनात.

दलेंदा

*

केरकेना, २१ एप्रिल

माझ्या लाडक्या भाची,

बाहेर बोलू नका म्हणे! पत्र वाचलं तेव्हा मी धक्क्यावरच होतो, आणि बहिऱ्या माणसाचा पुटपुटणारा आवाज किती मोठा असतो हे तुला कुणी सांगितलं नाही का? संध्याकाळपर्यंत पलीकडच्या गावातही बातमी. मी मग सरळ नौफलच्या घरी गेलो. म्हणालो, माझ्या मुलीला घमेंड नाही, आजार आहे, स्फाक्सच्या प्रयोगशाळेने विजेच्या माशाला विचारून सिद्ध केलंय. त्याची आई रडली. उल्फाला भेटायला येते म्हणाली. कोंबडा कापला आम्ही. मामीने शेपूट काढून नवं टांगलं, तुझ्या नावाने.

उल्फा तर अशी खूश, की म्हणाली, दलेंदाताईसाठी आता जितके पाकट येतील तितके मीच कापणार. तशी गेल्या शरदापासून तीच कापते म्हणा. मीही हात लावतो, पण माझ्याकडून पिशवी फाटते. हातमोजे घातले की सुरी निसटते म्हणून ती उघड्या हातानेच बसते. बोटं बघशील तर चाळण झालीये, पण तक्रार नाही. सोबतच्या पेटीत तिची मेहनत आहे, पोटभर चकत्या कर!

आता औषध लिहून पाठव. किंवा कुठला मोठा डॉक्टर ते सांग. मी तयार आहे.

तुझा मामा

*

स्फाक्स, २४ एप्रिल

मामा,

बसून वाचा. आणि उल्फाला आजच पाकट कापणं बंद करायला सांगा. मोजे घालूनही नको.

तुमच्या पत्रातल्या बोटांच्या चाळणीपाशी मी थांबले आणि तुलनेच्या रक्तांची यादी काढली. तुलनेसाठी आम्ही रक्त कुणाचं घेतलं? स्फाक्सच्या लोकांचं. शिक्षक, शिंपी, आमचा पहारेकरी. यांच्यापैकी कुणी जन्मात विजेचा पाकट हातात धरलेला नाही. उल्फाच्या जखमांमधून मात्र महिनोन् महिने त्या माशाचा रस आत गेलाय. शरीर परक्या गोष्टीला ओळखायला शिकतं. मग तिचं रक्त आमच्या चकतीवर उजळलं ते आजारामुळे, की फक्त पाकटाची ओळख झाल्यामुळे? चकतीत कानाच्या शेजारी पाकटाच्या पापुद्र्यातलं इतरही बरंच काही येतं, आणि रिकाम्या चकत्यांत पाकटाचं काहीच नव्हतं. मला हे सांगता येत नाहीये. कोळ्याच्या मुलीची तुलना शिंप्याशी केली आम्ही! इतकी शिकून मला हे सुचू नये?

तुम्ही नौफलच्या आईला सांगून बसलात. मीच लिहिलं म्हणून सांगितलंत. माझाच उतावीळपणा.

आणि अजून एक आहे. पूर्वी शास्त्रज्ञांनी विजेच्या माशाचे हे कान सशांना मुद्दाम टोचले होते. सशांच्या माना लुळ्या पडल्या. माशाच्या कानावर उठलेलं रक्त सशाच्या स्वतःच्या कानांवर उठलं. मादाम सुआद म्हणतात, सशांना ते भरपूर दिलं होतं, चेतवणाऱ्या औषधात मिसळून, बोटाला सुरी लागून असं होत नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहते. ताज्या पिशव्या कापून पाठवा, हे तुम्हाला मी सांगितलं होतं. मी.

एवढंच सांगा. पापण्या आधी पडल्या की पाकट कापायला लागल्यानंतर? नीट आठवून, मामीला विचारून लिहा.

आणि तुम्हीही डॉक्टर मस्मूदींकडे येऊन रक्त द्या. तुम्ही जन्मभर पाकटांचे झटके खाल्लेत, उल्फाबरोबर पिशव्याही कापल्यात, आणि तुमच्या पापण्या ठणठणीत आहेत. तुमचं रक्त गप्प राहिलं तर बरं, म्हणजे नुसत्या पाकटाच्या ओळखीने चकती उजळत नाही हे कळेल.

दलेंदा

*

स्फाक्स, ९ मे

मामा,

पेटी नाही, पत्र नाही. रमजान लागला, तुमच्याकडून नेहमीचा निरोपही नाही. दवाखान्यात येऊन रक्त देऊन गेलात म्हणे, आणि दोन गल्ल्यांवर बसलेल्या भाचीला तोंड न दाखवता परत बोट पकडलीत. काय समजू मी?

खोटं लिहिणार नाही. तुमचं रक्तही उजळलं. उल्फापेक्षा कमी, पण उजळलं. म्हणजे पाकटाची चकती तुमच्या घराबद्दल काहीच खात्रीने सांगू शकत नाही. मी जो आनंद तुम्हाला पाठवला तो परत मागतेय.

इनास आता माणसाचे कान असलेल्या चकत्या करतेय. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर माणसाचा कान उगवून घ्यायचा, आणि त्यांच्या पापुद्र्यातून गोल तुकडे कापायचे. तिथे पाकट नाही, त्यामुळे पाकटाची ओळख तिथे उपयोगाची नाही. फक्त माणसाच्या कानावर उठलेलं रक्तच उजळेल. वेळ लागेल. पहिली खेप नासली.

वाट बघताना मी तुमची सगळी पत्रं काढून बसले, तारखा लावायला. उल्फाला नेमकं कधीपासून होतंय, कुठेतरी बोलून गेला असाल म्हणून. ते नाही सापडलं. पण पहिल्याच पत्रात तुम्ही लिहिलंय की ती डोळ्यांवर बर्फ धरते आणि डोळे उघडतात. तुम्ही ते नाटकाचा पुरावा म्हणून लिहिलंत, आणि मी वाचून तुम्हाला रागावले, बस! मार्चपासून तो कागद माझ्या खणात आहे.

आज तो डॉक्टर मस्मूदींना वाचून दाखवला. ते खुर्चीत सरळ झाले. मामा, या आजारात थंडीने स्नायूला थोडा वेळ जास्त ऐकू येतं. डॉक्टर स्वतः बर्फ ठेवून बघतात. नाटक करणाऱ्याला हे माहीत असायचं कारण नाही. ते म्हणाले, मुलीला लगेच आणा, चकतीसाठी थांबू नका. गिळताना ठसका लागत असेल तर एक दिवसही नको. श्वासाचे स्नायूही असेच थकू शकतात.

माझ्यावर रागवा, नंतर. आधी तिला आणा. मी फोनवर ओरडायलाही तयार आहे, अख्ख्या धक्क्याला ऐकू दे.

दलेंदा

*

केरकेना, २० मे

दलेंदाताई,

मी उल्फा. हे सकाळी लिहितेय, गोळी घेतल्यावर. अक्षर खाली उतरायला लागलं की समज, थांबायची वेळ झाली.

बाबा तुझ्यावर रागावलेले नाहीत. तुझं सशांचं पत्र आल्यापासून ते कुणाशीच बोलत नाहीत. त्यांच्या डोक्यात एकच बसलंय, की पोरीच्या हातात सुरी मी दिली, मी तिला नाटकी म्हणत गेलो आणि मीच तिच्यात हे विष भरत होतो. शर्फियावर जातात आणि हंगाम सुरू असताना झावळ्या उपटून टाकतात. आई ओरडते, त्यांना ऐकू येत नाही. की ऐकू येतं आणि दाखवत नाहीत, अल्ला जाणे. दवाखान्यातही मला त्यांनीच आणलं, बोटीत माझा हात धरून बसले, पण तुझं नाव काढलं की समुद्राकडे बघायचे.

डॉक्टर मस्मूदींनी डोळ्यांवर बर्फ ठेवला आणि मग घड्याळ बघत बसले. पापणी उचलली गेली तेव्हा त्यांनी बाबांना जवळ बोलावून दाखवलं. बाबा म्हणाले, ‘हे तर मी रोज बघायचो.’ एवढंच. मग बाहेर बाकावर जाऊन बसले.

गोळीने तासाभरात तोंड जागेवर येतं, मग काही तासांनी पुन्हा जातं. रोजे सोडायला सांगितलेत. मी रडले, तर डॉक्टर म्हणाले, रड, पण पाणी पी. काल इफ्तारला मी ब्रिक खाल्लं, अंडं भरलेली तळलेली घडी, कुरकुरीत, हनुवटी न धरता. आईने ताट हातात घेऊन मला चावताना बघितलं, जसा मी काही चमत्कारच करत होते.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. बाबांना विचारून उपयोग नव्हता, त्यांना माहीतच नाही. आधी. पाकटांच्या आधी, ताई. त्याआधीच्या उन्हाळ्यात, चुलतबहिणीच्या मेंदीला. मी तिची वेणी घालत होते आणि हात डोक्याच्या वर ठरेनात. अर्धी वेणी झाली आणि हात मांडीवर पडले. मी म्हटलं, खूप नाचले. नंतर तसंच पुन्हा झालं आणि मी गप्प राहिले, कारण नौफलकडून विचारणा येणार असं ऐकलं होतं, आणि आजारी मुलीला कोण विचारतं? पाकट बाबांनी शरदात आणायला सुरुवात केली. तोवर मी केस बांधायचे सोडून रुमाल बांधायला लागले होते.

हे मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, ‘तू मला बरं वाटावं म्हणून सांगतेस.’ माझं त्यांना पटत नाही. तुझ्या चकतीचं पटेल. कारण चकती कुणाचं मन राखत नाही.

नौफल येतो. त्याच्या आईचं माहीत नाही. तुझी दुसरी बातमीही धक्क्यावर पोचली, की प्रयोग चुकला. त्या बाईने आता मला आजारी समजावं की घमेंडी, बिचारीला कळत नसेल.

अक्षर उतरलं. थांबते.

उल्फा

*

स्फाक्स, ११ जून

फर्जानी मामा,

हे पत्र धक्क्यावर उभं राहून वाचलंत तरी चालेल. मोठ्याने वाचा. या वेळी मादाम सुआदनी सही केलीये आणि डॉक्टर मस्मूदींना कागद गेलाय, त्यानंतरच लिहितेय.

माणसाचा कान बसवलेल्या चकत्या तयार झाल्या. त्यांच्यावर तुमचं रक्त टाकलं. गप्प. केरकेनाच्या अजून काही कोळ्यांनी रक्त दिलं, ज्यांचे हात तुमच्यासारखेच पाकटांनी खाल्लेत. सगळे गप्प. शिंपी गप्प, पहारेकरी गप्प. उल्फाचं रक्त टाकलं, आणि उजळलं. इनासने नळ्यांवरची नावं झाकून, क्रम बदलून पुन्हा केलं. पुन्हा तेच.

याचा अर्थ सरळ लिहिते. पाकटाने तुमच्या रक्ताला पाकट ओळखायला शिकवलं आणि त्याने तुमचं काहीही बिघडलं नाही. जी सुरी उल्फाच्या हातात होती तीच तुमच्याही हातात होती, तुम्ही तर जन्मभर पाकटांशी झोंबलात. तुम्हाला नाही झालं. त्या इतर कोळ्यांना नाही झालं. उल्फाचं दुखणं तिचं स्वतःचं आहे, कुणी दिलेलं नाही, आणि तिने तुम्हाला मेंदीचं सांगितलं ते खरं आहे. चकती तारीख सांगत नाही, म्हणून डॉक्टर मस्मूदींनाही विचारलं. ते म्हणाले, तारीख आधीची, आणि कोळी निरोगी. त्यांच्या मते आता माशाला दोष देण्यात अर्थ नाही.

माझीही झोप उडाली होती मामा. मला रोज वाटायचं, मीच पिशव्या मागितल्या.

हा आजार गोळीने बरा होत नाही, सांभाळला जातो. पुढे आणखी औषधं लागतील, चढउतार होतील, ठसका लागला तर धावावं लागेल. हे मी लपवणार नाही. पण आता त्याला नाव आहे, कागद आहे, आणि डॉक्टर आहेत.

तुम्ही लिहा. काहीही लिहा. शिवी लिहा.

दलेंदा

*

केरकेना, १७ जून

दलेंदा पोरी,

शिवी लिहायची इच्छा होती, पण मामीने समोर बसून हा कागद लिहायला लावलाय.

तुझं पत्र मी धक्क्यावर वाचलं नाही. घरी नेलं, उल्फाच्या हातात दिलं आणि म्हटलं, माझ्या कानाशी मोठ्याने वाच. तिने वाचलं. ‘तुमचं रक्त, गप्प’ हे मी तिच्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग तिने डोक्याला रुमाल बांधलेला होता तो सोडला आणि म्हणाली, ‘आता तरी पटलं?’ मी म्हटलं, पटलं.

कागदाची प्रत नौफलच्या घरी पाठवली. उत्तर नाही अजून. नौफल म्हणतो, आई येईल. बघू. मला आता तिची तितकी घाई राहिली नाही.

मी उपटलेल्या झावळ्या परत लावल्या नाहीत. रीतीप्रमाणे कुंपण आता काढायचंच होतं, मी जरा लवकर काढलं, लोकांना असंच सांगितलंय. उरलेल्या काढायला काल उल्फाला बोटीत घेऊन गेलो. ती सकाळची गोळी घेऊन आली होती, छत्री धरून बसली, आणि मला हुकूम सोडत होती, ही काढा, ती राहिली. शेवटची झावळी चिखलात रुतली होती. दोन्ही हातांनी ओढली, ती एकदम सुटली आणि मी उताणा पाण्यात. वर आलो तर टोपी नाकावर, दाढीत शेवाळ.

उल्फा हसत होती. दलेंदा, मला तिचं हसणं ऐकू आलं नाही, वारा होता आणि माझे कान तुला ठाऊकच आहेत. पण मी पाहिलं. ओठाचे दोन्ही कोपरे वर गेले होते. गाल वर गेले होते. डोळे मिटले होते ते हसण्याने मिटले होते. ओढणी तोंडावर नव्हती, मांडीवर पडली होती.

मी बोटीत चढलो. गोळीचा वेळ संपत आला होता, हसू ओसरायला लागलं होतं. म्हणून मी पुन्हा पडलो.

तुझा मामा,
फर्जानी